डकोट्याचं दार

माझ्या बापाला एकच गोष्ट नीट वाचता यायची, ती म्हणजे पोतं. इतवारीच्या धान्यबाजारात रुपराव हमाल म्हटलं की कोणीही बोट दाखवायचं. पोत्यावर थाप मारली की आतला माल ओला की कोरडा, हे बाबांना कळायचं. बाकी जगाविषयीचं त्यांचं ज्ञान बेताचं होतं, आणि जे होतं तेही पोत्यांच्याच हिशेबातलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या पोत्यापायीच झालं.

केशवदादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मॅट्रिकला दोनदा आपटला आणि बाबांच्या शिव्या खाण्यापेक्षा फौजेची डाळ-रोटी बरी म्हणून कामठीला जाऊन भरती झाला. बंदूक त्याच्या हाती फारशी आलीच नाही. त्याला रसद खात्यात घेतलं आणि आसामच्या पलीकडच्या डोंगरांत पाठवलं. तिथल्या चौक्यांना रस्ता नव्हता. तांदूळ, डाळ, मीठ सगळं विमानातून खाली टाकायचं. विमान वायुसेनेचं, पोती ढकलणारे फौजेचे. हमालाचा पोरगा शेवटी हमालच झाला, फक्त उंचावरचा, असं मी त्याला चिडवायची. तो म्हणायचा, "बाबा पोते चढवते, मी उतरवतो. एवढाच फरक हाये."

शेवटचा तो आला अडुसष्टच्या दिवाळीला. मस्कासाथच्या आमच्या दोन खोल्यांत फराळाचं ताट पुढ्यात घेऊन त्याने बाबांना आपलं काम समजावून सांगितलं. विमानाचं नाव डकोटा. त्याचं मागचं दार काढूनच ठेवतात, त्यामुळे उडताना ते सताड उघडं असतं. चौकीवर आलं की घंटी वाजते आणि हे लोक पोती दाराबाहेर लोटतात. औषधांच्या पेटाऱ्यांना छत्री बांधतात, तांदळाला नाही.

"मंग फुटत नाही काय गा पोतं?" बाबांनी विचारलं.

"एक पोतं दुसऱ्या पोत्यात टाकतो ना आमी. अन् भरतो ढिलं. ठासून भरलं का फुटते. ढिलं राह्यलं का पडते अन् लोळत जाते."

बाबांचे डोळे असे चमकले की काय सांगू. दुसऱ्या दिवशी अख्ख्या बाजारात त्यांनी ते सांगितलं. आभाळातून पडलेलं पोतं फुटत नाही, हे त्यांना ब्रह्मवाक्यासारखं वाटलं. दादाची बायको, वच्छला वहिनी, चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होती. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि त्यात नवरा तिच्या वाट्याला आला होता दोन सुट्यांपुरता.

एकोणसत्तरच्या संक्रांतीच्या आठवड्यात तार आली. विमान निघालं होतं, परतलं नव्हतं. ढग होते. शोध चालू होता. मग शोध थांबला. डोंगरात विमानाचा पत्रासुद्धा सापडला नाही. पुढे सरकारने कळवलं की विमानातल्या सगळ्यांना मृत समजण्यात येत आहे. समजण्यात येत आहे, म्हणजे नक्की काय, हे मी शाळेत मराठी शिकवणारी बाई, मलाही बाबांना सांगता आलं नाही.

आईने मात्र समजायचं ते समजून घेतलं. प्रयागबाई नाव तिचं. बोलायला एक नंबर, पण त्या तारेनंतर तिने तोंडच मिटलं. पुढच्या वर्षी ती गेली. तिच्यामागे बाबांनी अन्न सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. माझं सासर दोन गल्ल्या पलीकडे. मी रोज येऊन रडायची, रागवायची, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते एकाएकी उठून बसले आणि वहिनीला म्हणाले, "दरवाजा तं उघडाच होता ना वं त्याचा."

वहिनीच्या हातातलं लाटणं थांबलं.

"पोट्ट्याले पडाचं कसं, ते मालूम होतं. ढिला पडला असन तो. खाली बांबूचं बन राह्यते तिकडं. वाढ मले."

वहिनीने वाढलं. बाबा जेवले. त्या दिवसापासून आमच्या घरात दादा जिवंत झाला. तो पडला, डोक्याला मार लागून याददाश्त गेली, डोंगरातल्या लोकांनी त्याला पोसलं. "तिकडं लगनही केलं असन त्यानं," बाबा म्हणायचे. "करू दे. जिता हाये ना." इतवारीतले हमालही माना डोलवायचे. पोतं फुटत नाही तर माणूस काहून फुटन, हा हिशेब त्यांनाही पटण्यासारखाच होता.

आता वहिनीचं सांगते. बाजारात फाटक्या पोत्यांना टाके घालणाऱ्या बायका बसत, त्यांच्यात ती बसायची. हातात दाभण, मांडीवर बारदाना, कपाळावर ठसठशीत कुंकू. संक्रांत आली की शेजारणींची पंचाईत व्हायची. हिला हळदीकुंकवाला बोलवावं तरी जिभेला गाठ, न बोलवावं तरी गाठ. एक-दोघी बोलवायच्या आणि नजर चुकवून बोट टेकवायच्या. आमच्या जातीत विधवेला पाट लावता येतो, दुसरा संसार करता येतो. पण नवरा जिवंत धरलेल्या बाईला कसला पाट? आणि ज्याचा देह सापडत नाही, त्याची बारा वर्षं वाट पाहून पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. तो पुतळा जळेपर्यंत बाई बांधलेली. तो पुतळा करायचा की नाही, हे एकट्या बाबांच्या हातात होतं.

मला बाबांचा राग यायचा. वहिनीचा त्याहून जास्त यायचा. मूग गिळून ही बसते काय म्हणून? एकदा मी तिला सरळ विचारलं, "वहिनी, तुले खरंच वाटते काय, का दादा येईन?"

तिने टाका पुरा केला, सुतळी दातांनी तोडली आणि म्हणाली, "मामाजीचं जेवन व्हाचं हाये."

बाबांना ती मामाजी म्हणायची, आईला आत्याबाई. पण हे काय उत्तर झालं? तेव्हा मला ते उत्तर वाटलंच नाही.

बारावं वर्ष सरत आलं तसा तिचा भाऊ लहानू दर रविवारी कोराडीहून येऊ लागला. तो तिथल्या वीजघरात कामाला. रांगड्या भाषेचा, पण बहिणीवर जीव असलेला माणूस. त्याच्या वसाहतीत एक बिजवर होता, दोन लहान पोरींचा बाप, सरळमार्गी. तो वर्षभर थांबला होता. आता संक्रांतीला बारा वर्षं भरल्यावरही काही ठरलं नाही, तर तो थांबणार नव्हता. लहानू बाबांना म्हणायचा, "बुवा, बत्तीस वर्साची झाली ते. ना इकडची, ना तिकडची. करून टाका ना एकडाव पुतळा." बाबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "जित्या मानसाले जाळू काय गा मी?"

ऑक्टोबर महिन्यात वायुसेनेचा दिवस असतो. त्या साली छावणीचं फाटक लोकांसाठी उघडणार होतं. आत एका मोठ्या शेडमध्ये जुन्या वस्तूंचं संग्रहालय मांडलं होतं आणि मैदानात विमानं उभी करणार होते. बाजारातल्या कोणीतरी बाबांना सांगितलं की त्यांत डकोटाही आहे, आणि आत चढू देतात. बाबा त्या संध्याकाळी पोत्यांच्या धुळीसकटच माझ्या घरी आले.

"शोभे, लहानूले निरोप धाड. वच्छलालेही घेऊ. डोयानं पाहा म्हना दरवाजा. मंग पाहू कसा बोलते तो पुतळ्याचं."

आम्ही चौघं गेलो. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, टोपी घातली होती. लग्नाला निघावं तसे निघाले होते. वहिनीने पोळ्या आणि भेंडीची भाजी फडक्यात बांधून घेतली होती. बसमध्ये लहानू खिडकीतून बाहेर बघत बसला आणि बाबा अनोळखी माणसांना सांगत होते की माझ्या पोराचं विमान पाहायला चाललो.

छावणीत तोबा गर्दी. शाळांच्या रांगा, बर्फाचे गोळे, लाउडस्पीकर. शेडमध्ये काचेच्या पेट्यांत गणवेश होते, पदकं होती, भिंतींवर तरण्या वैमानिकांचे फोटो, प्रत्येकाखाली नाव. लहानू रेंगाळून बघत होता. बाबांनी कशाकडे मान वळवली नाही. मी मात्र एकेक नाव वाचत गेले. पोती ढकलणाऱ्यांचे फोटो कुठे नव्हते. ते हवाई दलाचे नव्हतेच म्हणा, पण मला राग आला तो आलाच.

डकोटा मैदानाच्या टोकाला उभा होता. शेपूट जमिनीला, तोंड आभाळाकडे. मला वाटलं होतं त्याहून लहान. कुशीला मागच्या बाजूने मोठं दार, आणि खरंच त्याला कवाड नव्हतं. बाबांनी लांबूनच लहानूचं मनगट पकडलं.

"दिसते काय गा? हाये काय झाकन त्याले?"

"नाही," लहानू म्हणाला.

शिडीने आम्ही आत चढलो. आतली जमीन पुढे चढत गेलेली. बाबांनी पायाने अंदाज घेतला आणि कौतुकाने म्हणाले, "चढावर वढा लागत असन पोतं." दाराशी त्यांनी रचून ठेवलेली नमुन्याची पोती पाहिली, दुहेरी, ढिली भरलेली. थाप मारली. त्यांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर वाटलं, ह्यांचंच खरं असेल. दादा कुठेतरी बांबूच्या बनात उठून बसला असेल. मी पदवी घेतलेली बाई, पण त्या क्षणी मलाही ते हवं होतं.

बाबा दारात जाऊन उभे राहिले. खाली गवत, समोर सगळं मोकळं. "वच्छला, ये वं. पाह्य. येवढा मोठा दरवाजा. हत्ती पडन याच्यातून."

वहिनी आली नाही. ती शिडीपाशीच उभी होती, फडकं छातीशी धरून.

तिथे एक तरुण हवाई सैनिक लोकांना माहिती देत होता. उत्तरेकडचा, हिंदी बोलणारा, चांगला पोरगा. तो बाबांना म्हणाला, "बाबा, किनारे मत खडे रहो. गिर जाओगे."

"मेरा लडका यहीच खडा रहता था," बाबा म्हणाले. "वो नहीं गिरता था. पोते गिराता था."

त्या पोराला मान द्यावासा वाटला असणार. त्याने भिंतीतल्या खुंटीवरचा एक पट्टा काढला. वीतभर रुंद, जाड कापडाचा, मागे लोखंडी कडी, कडीला लांब दोर. "फिर तो बाबा, ये पहना होगा आपके बेटे ने. दरवाजा खुला रहता है ना. धक्का मारते-मारते आदमी खुद न चला जाए, इसलिए बांधके रखते हैं."

बाबा त्या पट्ट्याकडे बघत राहिले. मग हात वर केले. "मुझे बांधो."

पोराला वाटलं, म्हाताऱ्याला हौस आली. त्याने पट्टा बाबांच्या कमरेला आवळला, पाठीमागून कडी अडकवली, दोराचं दुसरं टोक जमिनीतल्या गोल कड्यात टाकलं. बाबा दाराकडे चालले. दोर ताणला गेला आणि ते दारापासून हातभर अलीकडे थांबले. त्यांनी जोर लावला. सत्तरीला टेकलेला माणूस, पण खांदे हमालाचे. कडी करकरली, दोर हलला नाही. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि कडी चाचपू लागले. बोटं पोचत नव्हती. मागे रांगेतली पोरं हसली. एका बाईने हसत हसत आपल्या मुलाला वर उचलून दाखवलं. मला त्या सगळ्यांना त्याच दारातून खाली लोटून द्यावंसं वाटलं.

"ये खोलता कौन?" बाबांनी विचारलं.

"साथवाला खोलता है, बाबा. पीछे हाथ नहीं पहुंचता."

"कब खोलता?"

"उतरने के बाद," पोरगा म्हणाला. मग बाबांचा चेहरा पाहून त्याने घाईघाईने कडी सोडली.

बाबा एकटे शिडी उतरले. विमानाच्या पंखाच्या सावलीत जाऊन गवतावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. लहानू पाणी आणायला गेला. त्याची जीत झाली होती, पण बिचाऱ्याच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. वहिनी बाबांपासून थोडं अंतर ठेवून बसली. मी उभीच होते.

मग बाबांनी मान वर केली. वहिनीकडे पाहिलं. ती रडत नव्हती, दचकलेली नव्हती, काहीच नव्हतं तिच्या चेहऱ्यावर नवीन.

"तुले मालूम होतं," बाबा म्हणाले.

वहिनी गवताकडे बघत होती. "त्याईच्या कमरेले वळ होते, मामाजी. पट्ट्याचे. शेवटच्या सुटीत मीच तेल लावून दिलं होतं. तवा सांगतलं होतं त्याईनं, बांधून ठेवते म्हनून."

"म्हंजे पयल्या दिवसापासून?"

"हो."

"बारा वर्स. मंग सांगतलं काहून नाही वं?"

वहिनीने फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "आत्याबाई गेल्या तवा तुमी घास घेत नोते. मंग तो दरवाजा आठवला तुमाले, अन् तुमी वाढ म्हनलं. मी कशी सांगू?"

मी तिथेच बसले. मामाजीचं जेवन व्हाचं हाये. मी रागावत होते हिच्यावर. हिच्या वयाच्या बायकांची पोरं मोठी झाली, आणि ही एका म्हाताऱ्याने दोन वेळ जेवावं म्हणून जिवंत नवऱ्याची बायको होऊन पोती शिवत बसली होती. बाबांच्या तोंडून एक आवाज निघाला, ओझं उचलताना निघतो तसा. त्या दिवशी पोळ्या तशाच परत आल्या.

पुतळा संक्रांतीनंतर करायचा ठरला. पळसाची पानं आणायला बाबा स्वतः काटोल रस्त्याकडच्या रानात गेले आणि पोतं भरून पाठीवर घेऊन आले. कन्हानच्या काठी विधी झाला. बायकांनी अशा ठिकाणी जायचं नसतं. मी गेले, आणि मला अडवायची कोणाची छाती झाली नाही. भटजींनी पानांचे हात केले, पाय केले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि सगळं नीट राहावं म्हणून पुतळ्याच्या कमरेला दोरी आवळून बांधली. लाकडं रचली. बाबांच्या हातात पेटती काडी दिली.

बाबांनी ती परत दिली. खाली बसले आणि पुतळ्याच्या कमरेची गाठ सोडू लागले. गाठ घट्ट होती, पण शेवटी सुटली. पानं सैल होऊन दोन्ही बाजूंना पसरली.

"अहो रुपराव, विस्कटलं ना सगळं," भटजी कुरकुरले.

"बांधून नोको जाऊ देऊ त्याले," बाबा म्हणाले. मग त्यांनी अग्नी दिला. पळसाची पानं ती, जळायला कितीसा वेळ लागणार?

घरी आलो. वहिनीचं कपाळ मोकळं होतं. आंघोळी झाल्यावर तिने बाबांचं पान वाढलं आणि समोर बसली, इतकी वर्षं बसत होती तशीच, प्रत्येक घासाकडे बघत. कोराडीला जायचं की नाही हे तिने अजून भावाला सांगितलं नव्हतं. ती कशावर अडली होती ते मला आता कळत होतं, आणि बाबांनाही कळत होतं.

बाबा जेवले. वरण-भात जेवले, पोळी जेवले, पुन्हा भात मागून घेतला. ताट पुसून घेतलं. ढेकर दिला. मग म्हणाले, "पाह्यलं ना? जेवतो मी. आता तू जाय वं बाई. पानात काही ठेवत नसतो मी."

वहिनी त्यांच्या पाया पडली. पुढच्याच आठवड्यात लहानू येऊन तिला घेऊन गेला, आणि कोराडीला तिचा पाट लागला. त्या दोन पोरी आता तिला आई म्हणतात.

पण त्या दिवशी, ती ताट घासायला बसल्यावर, मी परसात गेले तर बाबा भिंतीला हात टेकून ओणवे होते. खाल्लेलं सगळं बाहेर पडत होतं. मी धावले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, तोंड धोतराला पुसलं आणि आतल्या भांड्यांच्या आवाजाकडे बोट दाखवून ओठांवर ठेवलं. पुढे शिमग्यापर्यंत, म्हणजे ते होते तोवर, हे असंच चाललं. वहिनी दर रविवारी यायची, समोर बसायची, ते तिच्यासमोर पोटभर जेवायचे, आणि ती समाधानाने बस पकडायला जायची. मी तिला हे आजवर सांगितलेलं नाही.